खांद्यावरचं प्रेत : चांदोबातला वेताळ आणि चित्रकार शंकर

बाहेरच्या फळ्यावर विषय वाचून दोघातिघांनी मला दाराशीच गाठलं. म्हणाले, "बाई, चांदोबा म्हणजे पोरांचं मासिक. त्यात तत्त्वज्ञान कुठून आणणार?" प्रश्न रास्त आहे. उत्तराला पाऊण तास लागेल, तेवढा धीर धरा.

पन्नाशीच्या पुढचे जरा हात वर करा बघू. अच्छा, म्हणजे जवळजवळ सगळेच. मग पडद्यावर चित्र दाखवायची गरजच नाही. मी नुसते शब्द उच्चारते. रात्र. स्मशान. हातात उपसलेली तलवार घेऊन चाललेला राजा, आणि त्याच्या खांद्यावर प्रेत. झालं! प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे तेच चित्र उभं राहिलं. आता सांगा, हे चित्र काढलं कुणी?

बघा, सभागृह गप्प. राजाचं नाव ठाऊक, वेताळाचं ठाऊक, झाडसुद्धा ठाऊक. चित्रकाराचं नाव मात्र नाही.

त्यांचं नाव के. सी. शिवशंकरन. मासिकात नुसतं 'शंकर'. जन्म १९२४ चा, शिक्षण मद्रासच्या सरकारी कला विद्यालयात. १९५२ साली ते मद्रासच्या चंदामामा मासिकात रुजू झाले, आणि आपला मराठी चांदोबाही त्याच वर्षी सुरू झाला. पुढे जवळजवळ साठ वर्षं हा माणूस त्याच मासिकासाठी चित्रं काढत राहिला. २०२० मध्ये ते गेले आणि २०२१ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. चरित्र एवढंच पुरे. मला बोलायचंय ते त्या एका चित्राबद्दल. माझं म्हणणं असं की भीती कशी रंगवावी या प्रश्नाला आपल्याकडे जी काही उत्तरं चित्रकारांनी दिली, त्यांत हे सगळ्यात विचारी उत्तर आहे. आणि आपण त्याची किंमत रद्दीच्या भावाने केली.

आधी आपल्या घरचं बघू. मराठीत छापील चित्राची परंपरा मोठी आहे. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर, दोघेही मूळचे गोव्याचे, दोघांनी मुंबईत बसून तीन दशकं मराठी घरांच्या भिंती आणि दिवाळी अंक सजवले. दलाल १९७१ मध्ये गेले, मुळगावकर १९७६ मध्ये. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, झुंजार आणि काळा पहाड घरोघर पोचवले, आणि त्या पुस्तकांचा चेहरा म्हणजे मुळगावकरांची मुखपृष्ठं. आता मी जे म्हणणार आहे त्याने काही जण रागावतील. मुळगावकरांचा हात भीतीसाठी बनलेला नव्हता. त्यांच्या चित्रातली कातडी आतून दिवा लावल्यासारखी उजळते. अंधारात कुणी दडलेला असला तरी आपली नजर जाते ती पुढच्या माणसाच्या गालावर, साडीच्या काठावर, मनगटावर. हा माणूस देवादिकांची चित्रं काढणारा, त्याला कुरूप काढणं जमतच नसावं. रहस्याला ते चालतं, रहस्यात सौंदर्य हेही आमिष असतं. भयाला नाही चालत.

धारपांच्या कादंबऱ्या, मतकरींच्या गूढकथा ही आपली शब्दांतली भयाची श्रीमंती. पण ती शब्दांतच राहिली. चित्रांत तिला तोलामोलाचा साथीदार फारसा मिळाला नाही असं मला वाटतं. यावर चर्चेत बोलू.

आता दुसरं टोक. अमेरिकेत १९५० च्या सुमारास ईसी नावाच्या प्रकाशनाने भयकथांची कॉमिक्स काढली. 'टेल्स फ्रॉम द क्रिप्ट' हे त्यातलं गाजलेलं नाव. त्यात ग्रॅहम इंगल्स नावाचा चित्रकार होता, तो सहीच 'घास्टली' अशी करायचा. घास्टली म्हणजे भेसूर. आणि खरंच भेसूर काढायचा हो! कुजलेलं मांस, ओघळणारी लाळ, थडग्यातून बाहेर येणारी बोटं, आणि सगळं अशा रेषेत की ती रेषाच ओली वाटावी. मी त्याला कमी लेखत नाही, हात असामान्य होता. पण त्या कॉमिक्सवरून अमेरिकेत इतका गदारोळ झाला की १९५४ मध्ये सिनेटच्या समितीपुढे सुनावण्या झाल्या. फ्रेडरिक वर्थम या मनोविकारतज्ज्ञाचं पुस्तक त्याच वर्षी आलं, आणि प्रकाशकांनी स्वतःवरच एक आचारसंहिता लादून घेतली. चालती प्रेतं, रक्तपिपासू पिशाच्चं वगैरे सगळं बाद. शीर्षकात 'हॉरर' हा शब्दसुद्धा घालायचा नाही!

ही लाट आपल्याकडेही आली, हे फार कमी लोकांना माहीत असतं. १९५५ मध्ये ब्रिटनने कायदा केला आणि १९५६ मध्ये आपल्या संसदेने. तरुण व्यक्तींसाठी हानिकारक प्रकाशनांचा कायदा. तरुण व्यक्ती म्हणजे वीस वर्षांखालची. चित्रांसह, चित्रांविना किंवा निव्वळ चित्रांतून सांगितलेल्या ज्या गोष्टी मुख्यतः गुन्हे, हिंसा, क्रौर्य किंवा किळसवाण्या वा भयंकर घटना दाखवतात आणि त्यामुळे तरुण मन बिघडू शकतं, त्या विकणं हा गुन्हा.

आता गंमत बघा. एका बाजूला हा कायदा, आणि दुसऱ्या बाजूला त्याच देशात लाखो मुलांच्या हातात दर महिन्याला एक प्रेत येतंय. स्मशानासकट. आईबाप स्वतः विकत आणून देताहेत, आजोबा वाचून दाखवताहेत. कुणाला त्यात हानिकारक काही दिसलं नाही. का नाही दिसलं?

सोपं उत्तर असं की चांदोबा संस्कारी मासिक, शेजारच्या पानावर रामायण-महाभारत, तिथे कोण शंका घेणार? या उत्तरात तथ्य आहे, ते मी झटकत नाही. धार्मिक वेष्टनात आपल्याकडे बरंच काही खपतं. पण ते उत्तर पुरं पडत नाही. पुरं उत्तर चित्रात आहे.

कायद्याने 'किळसवाणे वा भयंकर' असं एका दमात म्हटलं. भरताने नाट्यशास्त्रात हे दोन वेगळे काढले होते. भयानक हा एक रस, त्याचा स्थायीभाव भय. बीभत्स हा दुसरा, त्याचा स्थायीभाव जुगुप्सा, म्हणजे किळस. रंगसुद्धा वेगळे दिलेत, भयानकाला काळा, बीभत्साला निळा. देवतांची जोडी तर बघण्यासारखी आहे, भयानकाची देवता काल आणि बीभत्साची महाकाल. भीतीने माणूस मागे सरतो, पण त्याची नजर त्या वस्तूवर खिळलेली राहते. किळस आली की नजर वळते, पोट ढवळतं. दोन्ही एकत्र येऊ शकतात, येतातही. पण ती एकच गोष्ट आहे असं मानणं ही विचाराची ढिलाई आहे.

हा भेद ग्रीकांनाही जाणवला होता. प्लेटोच्या 'रिपब्लिक'मध्ये लिऑन्टिअस नावाच्या माणसाची गोष्ट येते. हा वाटेने येताना वधस्तंभाच्या जागी पडलेली प्रेतं बघतो. बघायची ओढही आहे आणि स्वतःची लाजही वाटतेय. तोंड झाकून घेतो, थोडा वेळ झगडतो, आणि शेवटी डोळे फाडून धावत सुटतो, घ्या म्हणतो, बघून घ्या एकदाचं! स्वतःच्याच डोळ्यांना शिव्या घालत. आपल्या हमरस्त्यावर अपघात झाला की गाड्या हळू होतात ना, तेच हे. उलट ॲरिस्टॉटल म्हणतो की जी गोष्ट प्रत्यक्षात बघवत नाही तिचं नेमकं काढलेलं चित्र बघायला आपल्याला आवडतं. आणि त्याने उदाहरण कशाचं दिलंय? क्षुद्र प्राण्यांचं आणि प्रेतांचं. आवडतं, कारण चित्र बघताना आपण काहीतरी ओळखतो, शिकतो. इंगल्स माझ्यातला लिऑन्टिअस जागा करतो. शंकर ॲरिस्टॉटलच्या बाजूला उभे आहेत.

कसे, ते सांगते. प्रेताची किळस वाटावी असं जे जे असतं, म्हणजे सडणं, वास, किडे, ओल, ते त्या चित्रात नाही. प्रेत आहे, पण त्याला माणसाचा घाट आहे, वजन आहे. शंकरांची रेष देवळातल्या शिल्पाच्या कडेसारखी, स्वच्छ आणि बंदिस्त. आकार कुठे फुटत नाही, कुठे सांडत नाही. आणि बीभत्साला तर आकार फुटावाच लागतो. त्या काळच्या मासिकाच्या छपाईत बारीक छटा नीट उतरत नसत, कागद बेताचा. अशा कागदावर धुसर भीती काढली असती तर ती नुसता डाग झाली असती. शंकरांनी सगळं रेषेवर तोललं.

दुसरी गोष्ट, चित्राची जागा. हे तांत्रिक वाटेल, पण माझ्या मते कळीचं हेच आहे. कॉमिकमध्ये भीती येते ती चौकटींच्या क्रमातून. एक चौकट, दुसरी, पान उलटलं की धक्का. ईसीच्या गोष्टींत अखेरच्या चौकटीसाठी सगळी रचना असायची. चांदोबात फुगे नाहीत, चौकटींची रांग नाही. काटेकोर बोलायचं तर ते कॉमिकच नव्हे, सचित्र गोष्ट आहे. आणि तिथे वेताळाचं चित्र गोष्टीच्या आरंभी येतं. म्हणजे धक्का नाहीच. जे भयंकर आहे ते पहिल्याच पानावर सांगून टाकलेलं आहे. त्यात ते दर महिन्याला तेच. मुलाला ठाऊक आहे राजा येणार, प्रेत खांद्यावर घेणार, चालू लागणार. नंतर आतल्या गोष्टीतली चित्रं बघा. राजवाडे, सावकार, राजकन्या, बाजार. भीतीचा तिथे मागमूसही नाही. एवढी मोठी गोष्ट, आणि तिला सगळीकडून वेढून आहे ते सुरुवातीचं एक चित्र. घराला उंबरठा असतो तसं. उंबरठ्यावर भीती आहे, ओलांडून आत गेलात की नीतिशास्त्राचा वर्ग भरलेला आहे.

आता चित्रातली मांडणी. जगभरच्या चित्रांत वीर आणि राक्षस कसे असतात? समोरासमोर. दुर्गा आणि महिषासुर, सेंट जॉर्ज आणि तो ड्रॅगन. एक या बाजूला, एक त्या बाजूला, मध्ये भाला. वेताळाच्या चित्रात भय आणि वीर समोरासमोर नाहीतच. दोघं एकाच दिशेला चाललेत. ज्याची भीती वाटायची तेच खांद्यावर घेतलंय. राजाच्या हातातली तलवार बघा. ती कुणासाठी आहे? खांद्यावरच्या ओझ्याला ती उपयोगाची नाही, स्वतःच्याच मानेशी तलवार कोण चालवेल? ती आहे भोवतालच्या रात्रीसाठी. म्हणजे शस्त्र बाहेरच्या भीतीवर चालतं. खांद्यावरच्या भीतीवर फक्त एकच गोष्ट चालते, चालत राहणं.

रसशास्त्राच्या भाषेत अडचण अशी की भयानक रसाला भिणारा कुणीतरी लागतो. इथे राजा तर भीत नाही. मग भितंय कोण? अभिनवगुप्ताने भयानकासाठी शाकुंतलाच्या आरंभीचं हरीण घेतलंय, दुष्यंताच्या रथापुढे धावणारं. तो म्हणतो, ते बघताना आपल्याला 'मी घाबरलो' असंही वाटत नाही आणि 'ते कुणीतरी परकं हरीण घाबरलंय' असंही नाही. देश, काळ, व्यक्ती यांतून सुटलेलं भय, भय म्हणून, मनाला प्रत्यक्ष होतं. शंकरांनी एक पाऊल पुढे टाकलंय असं मला वाटतं. त्यांनी हरीणच काढून टाकलं. भिणारं पात्र चित्रात नाही, त्याची जागा मोकळी आहे, आणि त्या जागी वाचणारं मूल बसतं. पण त्याच मुलाच्या पुढ्यात न भिणारा राजा चाललाय. भयानक आणि वीर एकाच आकृतीत, एकावर एक ठेवलेले. माझं लहानपण घाटकोपरच्या चाळीत गेलं. गॅलरीच्या टोकाला संडास, रात्री दिवा नाही. ते चित्र बघून तिकडे जायला भीती वाटायची हे खरं, आणि जाताना आपण विक्रमासारखे मान ताठ ठेवून जायचो हेही खरं. अभिनवगुप्ताला ही चाळीतली वाट पटली असती का, सांगता येत नाही. (हशा)

बरं, खांद्यावर म्हणजे कुठे? कानाशी. हे प्रेत बोलतं. आणि बोलतं म्हणजे काय बोलतं? 'खाऊन टाकीन' म्हणत नाही. एक गोष्ट सांगतं आणि विचारतं, यात चूक कुणाची, हक्क कुणाचा, श्रेष्ठ कोण? अट अशी की उत्तर ठाऊक असून दिलं नाहीस तर डोक्याची शकलं होतील. आणि बोललास तर मौन मोडलं, केलेली चाल वाया, प्रेत परत झाडावर. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाला याहून चांगली अट सुचणार नाही. माहीत नसेल तर गप्प बसायची मुभा आहे. माहीत असून गप्प बसायची नाही. आणि खरं बोलण्याची किंमत म्हणजे सगळी पायपीट पुन्हा पहिल्यापासून.

मी उपनगरातल्या कॉलेजात तीसेक वर्षं शिकवलं, आणि 'व्यक्तीची ओळख कशात असते' हा भाग आला की लॉकच्या आधी वेताळ काढायची. डोकी बदलल्याची ती गोष्ट. नवरा आणि भाऊ दोघांनी देवीपुढे शिरं कापून घेतली, देवीच्या कृपेने ती जोडताना बाईच्या हातून अदलाबदल झाली. आता नवरा कोणता? राजा म्हणतो, ज्याच्या धडावर नवऱ्याचं डोकं तो. वर्गात दरवर्षी भांडण व्हायचं. एका मुलीने विचारलं होतं, "मॅडम, तिला कोणी विचारलं का?" टॉमस मानने या गोष्टीवर जर्मनमध्ये कादंबरिका लिहिली १९४० मध्ये, गिरीश कार्नाडांनी त्यावरून 'हयवदन' केलं, विजया मेहतांनी ते मराठीत उभं केलं. एवढं सगळं एका प्रेताच्या तोंडून आलेलं आहे.

जाता जाता सांगते, हा राजा मूळचा उज्जैनचा नव्हेच. सोमदेवाच्या अकराव्या शतकातल्या कथासरित्सागरात तो त्रिविक्रमसेन आहे आणि त्याची राजधानी गोदावरीकाठचं प्रतिष्ठान. म्हणजे आपलं पैठण. पैठणचा राजा काश्मीरच्या पंडिताने लिहिला, मद्रासच्या चित्रकाराने काढला, आणि तो मराठीत परत घरी आला तेव्हा आपण त्याला परगावचा समजलो. सोमदेवाकडे ही गोष्ट संपते. शेवटचा प्रश्न नात्यांचा असा काही गुंता आहे की राजाला उत्तरच सुचत नाही. तो गप्प राहतो, चालत राहतो, आणि त्या अज्ञानावर वेताळ प्रसन्न होतो, कपटी भिक्षूचा बेत सांगून टाकतो. चांदोबाने पंचवीस गोष्टी संपल्यावर नव्या रचायला घेतल्या. महिन्याचं मासिक चालवायचं तर प्रेताला झाडावर परतावंच लागणार! व्यापाराची गरज होती, पण तिने चित्राला भलतंच बळ दिलं. ते चित्र कधीच न पोचणाऱ्या चालीचं झालं.

आता दुसरा वेताळ. मार्च १९६४ मध्ये आपल्या बोरीबंदरच्या टाइम्स समूहाने इंद्रजाल कॉमिक्स सुरू केली. ली फॉकचा फँटम, अमेरिकेत १९३६ साली जन्मलेला, मराठीत 'वेताळ' झाला. नाव ज्याने कुणी ठेवलं त्याला दाद द्यायला हवी, एका शब्दात त्याने परक्या माणसाला कोकणात घर दिलं. पण दोन वेताळ शेजारी ठेवून बघा. चांदोबातला वेताळ भूत आहे आणि शहाण्या माणसासारखा बोलतो. इंद्रजालमधला माणूस आहे आणि भुताचं सोंग घेतो. पिढ्यान्‌पिढ्या बाप गेला की मुलगा तोच मुखवटा चढवतो, जंगलातल्या लोकांना वाटतं हा अमर आहे. कवटीच्या आकाराची गुहा, कवटीची अंगठी, ठोसा बसला की गालावर कवटीची खूण. सगळी भयानकाची सामग्री. पण इथे भीती हे राज्य करायचं साधन आहे. एक गोरा माणूस आफ्रिकेसारख्या दिसणाऱ्या जंगलावर सोंगाच्या जोरावर वचक ठेवतो आणि त्याला आपण न्याय म्हणतो. आपल्या संपादकांनाही काहीतरी खटकलं असावं. मूळ बंगाला देशाचं डेंकाली केलं, सिंग चाच्यांचं सिंगा केलं. आपल्या लोकांना झोंबेल ते बदललं. रचना मात्र तशीच राहिली.

चित्रकारीत तोटा नव्हता. साय बॅरी यांची शाईची रेष दमदार आहे आणि आपल्या बी. गोविंद यांनी रंगवलेली मुखपृष्ठं आतल्या पानांपेक्षा सरस आहेत, असं माझं मत. भाड्याने पुस्तकं देणाऱ्या दुकानात ती मुखपृष्ठं दोरीला टांगलेली असायची, पतंगांसारखी. माझे भाऊ तिथून हलायचे नाहीत. पण ती चित्रं मोठेपणी मनात परतून येत नाहीत. त्यांत मला करण्यासारखं काही उरत नाही, सगळं तो घोड्यावरचा करून मोकळा होतो.

आणि तिसरा वेताळ, सगळ्यात जुना. इथे मुलुंड-भांडुपच्या पट्ट्यात सिंधुदुर्गातली मंडळी पुष्कळ, त्यांना सांगायला नको. वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीचा वेतोबा. जयवंत दळव्यांचं गाव ते. तिथे देवाला केळ्यांचे घड वाहतात आणि चामड्याच्या चपला, माणसाच्या पायाला कधी होणार नाहीत एवढ्या मोठ्या. का? तर तो रात्री गावाच्या राखणीला फिरतो, चपला झिजतात. गोव्यातही ठिकठिकाणी बेताळ ग्रामदेव म्हणून उभा आहे. भुतांचा राजा तोच आणि गावाचा राखणदारही तोच. ज्या घरात वेतोबाला घड बोलला जायचा त्या घरातल्या मुलाला शंकरांचं चित्र नुसतं भेसूर वाटणं शक्यच नव्हतं. त्याच्या लेखी वेताळ हा चालणारा, बोलणारा, नवस समजणारा होता. मद्रासला बसलेल्या शंकरांना आरवली ठाऊक असायचं कारण नाही. पण त्यांच्या चित्रात वेताळाचा द्वेष नाही, आणि म्हणून ते या जमिनीत रुजलं.

एवढी स्तुती केल्यावर दुसरी बाजूही मांडायला हवी. शंकरांच्या स्त्रिया मला कधी पटल्या नाहीत. राणी, सावकाराची मुलगी, शेतकऱ्याची बायको, वस्त्रं वेगळी, चेहरा एकच. जो हात प्रेताला व्यक्तिमत्त्व देतो त्याने जिवंत बायकांना ते देऊ नये, याचं आश्चर्य वाटतं. दुसरं जास्त गंभीर. चांदोबातले राजे गोरे, राक्षस आणि रानातली माणसं काळी. हे एकट्या शंकरांचं नाही, त्या मासिकाचं आणि पुढे १९६७ पासून आलेल्या अमर चित्र कथेचंही वळण तेच. पण भीतीच्या चित्रकाराला याची जबाबदारी जास्त असते. भयानकाचा रंग काळा असं भरत म्हणतो, तो रसाचा रंग. तो माणसाच्या कातडीला फासला की शास्त्राची गोष्ट संपते आणि वस्तीतल्या शेजाऱ्याची सुरू होते. माझ्या वर्गातल्या एका सावळ्या मुलाने मला सांगितलं होतं की शाळेच्या नाटकात तो सलग चार वर्षं राक्षस झाला. बाईंना मेकअपचा खर्च वाचायचा. वेताळाच्या चित्राची महती मी सांगते ती हे लक्षात ठेवून. त्या एका चित्रात असा सोपा शत्रू नाही. बाकीच्या हजारो पानांत तो आहे.

शेवटचा मुद्दा मूळ आणि भाषांतराचा. चांदोबा आपण 'भाषांतरित' म्हणून साहित्याच्या इतिहासातून वगळतो. पण चंदामामाच्या कितीतरी भाषांतल्या आवृत्त्यांत चित्रं तीच असायची, शब्द तेवढे बदलायचे. तेलुगू मूल, ओडिया मूल, मराठी मूल, सगळ्यांनी वाचलं वेगळं आणि पाहिलं तेच. मग मूळ काय आणि भाषांतर काय? माझ्या मते मूळ संहिता चित्र होती आणि प्रत्येक भाषेने तिचं भाषांतर केलं. १९८५ मध्ये दूरदर्शनवर रामानंद सागरांची मालिका आली तेव्हा लोक म्हणाले, अगदी चांदोबासारखं आहे. सोमदेवासारखं आहे असं नाही म्हणाले.

असं असूनही मराठी चित्रकलेवरच्या लेखनात शंकर सापडत नाहीत, कारण ते मराठी नव्हते. कलासमीक्षेत सापडत नाहीत, कारण ते मासिकात काढायचे. बालसाहित्याच्या चर्चेत चित्राला शेवटचा परिच्छेद मिळतो. आमच्या विद्यापीठीय सौंदर्यशास्त्राने 'भय' या विषयावर परदेशी उदाहरणं घोकून घेतली, प्रश्नपत्रिकेतही तीच. उपनगरातल्या घराघरांत माळ्यावर जुने अंक आहेत. जागा बदलताना, इमारत पुनर्विकासाला जाताना पहिले जातात ते हेच. गेल्या दहा वर्षांत आमच्या भागातल्या किती चाळी पडल्या! कपाटं नव्या घरात गेली, अंक रद्दीवाल्याकडे. काही अंकांची छायाचित्रित रूपं आता संगणकावर मिळतात, त्याबद्दल ती करणाऱ्यांचे आभारच मानायला हवेत, पण त्यांत कागदाचा पोत आणि शाईचा दाब दिसत नाही. आणि मी आज जे रेषेबद्दल बोलले ते तिथेच तपासायचं असतं.

तेव्हा आता प्रश्न घेऊ. त्याआधी एक, तिकडे टेबलावर मी दोन वर्षांचे बांधीव अंक ठेवलेत, ज्यांना बघायचेत त्यांनी जरूर बघा. पानं पार ठिसूळ झालीत. तेवढं बोटाला थुंकी लावून उलटू नका.